डोंगरावर फिरलेली सुई

मी कंपास बोलतोय. पोरांच्या दप्तरात पेन्सिल-पट्टीची पेटी असते, ती नव्हे. मी पितळेचा आहे. गोल, तळहाताएवढा. वर झाकण, झाकणात काच, काचेत नेम धरायला एक उभा केस. पोटात सुई. पुस्तकात मला होकायंत्र म्हणतात. जंगलात मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही.

माझं शिक्षण थोडं. उत्तर कुठे आहे एवढंच शिकलो, पण पक्कं शिकलो. मला कसंही फिरवा, पालथा करा, पोत्यात घालून न्या. सपाट धरलं की क्षणभर डोलतो आणि उत्तरेला तोंड करतो. बाकीच्या दिशा माणसाने आपल्या अकलेने मोजून घ्याव्यात. हे मी पूर्वी छाती काढून सांगत असे. आता सांगताना अडखळतो.

मला काय झालं ते अजून नीट कळलेलं नाही. कळलं असतं तर गप्प बसलो असतो. घडलं तसं सांगतो. तुम्ही शिकलेले असाल तर तुम्हीच ठरवा.

माझा जन्म कलकत्त्याचा. एका कारागिराने पोलादाची बारीक पट्टी घेतली आणि चुंबकावर घासली. एकाच बाजूने, पुन्हा पुन्हा. घासताना माझ्या आत काय झालं ते सांगता येणार नाही. आधी मी नुसतं पोलाद होतो, सगळ्या बाजू सारख्या. नंतर मला एक बाजू आवडू लागली. का, ते त्याने सांगितलं नाही. त्यालाही ठाऊक नसावं. टोकावर तोलून बसवलं, काच लावली, खोक्यात घातलं.

नागपूरच्या एका दुकानात राहिलो. मग एका लाकडाच्या ठेकेदाराच्या मेजावर. त्याने मला सात वर्षं कागद उडू नयेत म्हणून ठेवलं. झाकण बंदच. झाकण लावलं की आतला खटका सुईला वर उचलून दाबून धरतो, हलू देत नाही. सात वर्षं मी कुठेच तोंड केलं नाही. त्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

एकाहत्तर साली मला देवाजीने घेतलं.

देवाजी चंद्रपूरकडच्या मूल गावचा. चौथी पास. रस्त्याच्या आखणीच्या टोळीत साखळी ओढायला लागला. जंगलातून रस्ता न्यायचा तर आधी कुणीतरी साखळीने मोजत, झाडांवर खुणा करत जावं लागतं. ते या टोळीचं काम. देवाजी साहेबांच्या हाताकडे बघत बघत डिग्री वाचायला शिकला. पुढे साहेब लोक डाकबंगल्यात थांबू लागले आणि रानात देवाजीच लाइन टाकू लागला. माणसं त्याला सर्व्हेअर भाऊ म्हणत. त्याच्या घरात त्याच्याआधी कुणी यंत्र हातात धरलं नव्हतं. मला तो कातडी पिशवीत घालून गळ्यात अडकवी. जेवतानाही काढत नसे. मला पुसायची परवानगी एकट्या बाबुलालला.

बाबुलाल ढिवराचा. तळ्यात जाळं टाकणारं घर. त्याने जाळं सोडलं आणि साखळीचं दुसरं टोक धरलं. बारा वर्षं एका टोकाला देवाजी, दुसऱ्या टोकाला बाबुलाल. दर रविवारी तो मला चिंचेने घासून पुसायचा. एवढ्या मायेने मला कुणी हात लावला नाही.

बाबुलालची एक खोड होती. एकदा गेलेली वाट तो विसरत नसे.

"इथी डाव्या हाताले मोहा होता," तो म्हणे. "त्याच्या ढोलीत मधाचं पोळं होतं. आता माशा उडाल्या, पण मोहा तोच हाय."

देवाजी डिग्री सांगे, बाबुलाल झाड सांगे. दोन्ही जुळलं की पुढे चालायचं. कधी जुळलं नाही तर देवाजी माझं ऐके. बाबुलाल हसायचा.

"भाऊ, तुमचा कंपास भूक लागली का सांगते का?"

"नाई."

"मंग माह्या पोटातला बरा. बराबर चुलीकडं फिरते."

मला ते आवडायचं नाही. पण राग धरण्याइतकाही तो माणूस वाईट नव्हता.

एक गोष्ट मात्र मला खरंच चालायची नाही. लोखंड. आणि त्या भागात तर रिवाजच असा की गडी घरातून निघाला की कुऱ्हाड खांद्याला अडकवणार. शेतात जाताना, बाजारात जाताना, पाहुणा म्हणून जाताना. कुऱ्हाड नसली तर माणसाला उघडं वाटतं. ते पातं माझ्याजवळ आलं की माझी सुई तिकडे ओढली जाते. म्हणून देवाजीचा कायदा होता. मला उघडलं की कुऱ्हाडवाले वीस पावलं मागे.

सुकलू नावाचा एक साखळीवाला होता. त्याचं तोंड कधी बंद नसे. तो म्हणायचा, "हा कंपास म्हणजे नवी सून हाय. कुऱ्हाड पाह्यली का तोंड फिरवते."

सगळे हसायचे, देवाजी नाही.

त्र्याऐंशी सालची गोष्ट. भाद्रपद चालू होता. सूरजागडच्या डोंगररांगेच्या पलीकडे एका पाड्यावर जायचं होतं. उरलेली लाइन दिवाळीच्या आत टाकून द्या असा हुकूम होता. बाबुलालला यायचं नव्हतं.

"भाऊ, पोळा झाला म्हणजे नाल्याचं पाणी उतरलं असं नाई. दसऱ्यानंतर जाऊ."

"दसऱ्यानंतर दुसरा सर्व्हेअर जाईल. तू येत नाई तं राह्य घरी."

बाबुलाल आला. त्याच्या बल्लारपूरच्या घरी देवाजी त्याला घ्यायला गेला तेव्हा मी गळ्यातच होतो. बाबुलालची बायको चंदाबाई दारात उभी होती.

"नेता तसा आनून द्या भाऊ," ती म्हणाली.

"देतो," देवाजी म्हणाला. एवढंच बोलणं झालं.

पाड्यावर आम्ही देवकाबाईच्या पडवीत उतरलो. एकटी बाई, काटक. दारात एक बैल बांधलेला. पांढऱ्यावर काळे ठिपके, म्हणून नाव कबऱ्या. गळ्यात लाकडी घंटा आणि पायात अडेल असं भलं मोठं लाकडाचं लोढणं.

"एवढं लोढणं काऊन बाई?" सुकलूने विचारलं. "मारका हाय का?"

"मारका नाई. पळपुटा हाय."

कबऱ्या तिने वैशाखात घेतला होता. डोंगराच्या त्या बाजूला रस्त्यावर एक गाव आहे, तिथल्या इस्तारी नावाच्या माणसाकडून. इस्तारीकडे जोडी होती. ती फुटली. एक त्याच्याकडे राहिला, एक हिच्याकडे आला. नवं जनावर आणताना त्या लोकांची रीत आहे. वेशीपासून त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधतात, म्हणजे वाट त्याच्या ध्यानात राहत नाही. दारात आणून खुरं धुतात, घरच्या सुपातले दाणे चारतात. मग ते घरचं होतं. देवकाबाईने सगळं रीतीप्रमाणे केलं. आठव्या दिवशी कबऱ्या इस्तारीच्या गोठ्यात. पुन्हा आणला, पुन्हा गेला. तिसऱ्या वेळी तर आषाढ होता. नाला भरलेला, रस्ता बंद. तरी हा दुसऱ्या दिवशी तिकडे हजर.

"म्हंजे डोंगरावरून गेला," बाबुलाल म्हणाला. त्याने बैलाकडे आदराने पाहिलं. "डोळे बांधून आनला, आन न पाह्यल्या वाटेनं वापस गेला. याले साखळी धरायले घ्या भाऊ."

मी तेव्हा मनात हसलो होतो. हेही सांगून टाकतो.

पाचव्या दिवशी बाबुलालला हिव भरलं. गोधड्या घातल्या तरी बाज हलत होती. ताप उतरला, पुन्हा चढला. गोळ्या होत्या त्या दिल्या. आठव्या दिवशी तो साखळीशी बोलू लागला.

"पानी किती वर आलं?" तो विचारी. "जाळं ओढा ना रे. बसले काऊन?"

देवाजी त्याच्याजवळ बसला. "बाबुलाल, मी कोन?"

बाबुलालने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तळ्याचा राखनदार," तो म्हणाला.

दवाखाना एटापल्लीला. रस्त्याने जायचं तर नाला आडवा. वारलू नावाचा पाड्यावरचा माणूस पाणी बघून आला. गळ्यापर्यंत हात लावून दाखवला. "चार दिवस तरी उतरत नाई."

चार दिवस बाबुलालकडे नव्हते. ते सगळ्यांना दिसत होतं.

देवाजीने नकाशा पसरला. इस्तारीचं गाव डोंगराच्या बरोबर पश्चिमेला. तिथून एटापल्लीपर्यंत बैलगाडीची वाट, मध्ये नाला नाही. पाड्यापासून त्या गावापर्यंत नकाशात दोन बोटं.

"डोंगरावरून जाऊ," तो म्हणाला. "दुपारपर्यंत पोचतो."

वारलूने मान हलवली. "मले झऱ्यापर्यंत वाट ठाव हाय. पुढची वाट उन्हाळ्यातली. पावसात बुजते. वर ढग बसला हाय, सूर्य बी दिसत नाई."

"वाट कायले पाह्यजे?" देवाजीने मला पिशवीतून काढलं. "हा हाय ना."

देवकाबाई तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कबऱ्याले सोडते मी. त्याच्या मांगं जा."

"बैलाच्या मांगं?" देवाजी म्हणाला. "बारा वर्षं लाइन टाकून राह्यलो मी, बाई. बैलाले वाट नाई विचारत."

त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो मी आजही नाकारत नाही.

बाजेला मोठा बांबू बांधला. पुढे वारलू, मागे सुकलू. मध्ये बाबुलाल, वर इरलं. सगळ्यांच्या पुढे देवाजी, त्याच्या हातात मी. सकाळचं निघालो. झऱ्यापर्यंत सारं ठीक. मी पश्चिम दिली, देवाजी चालला, झाडाला खूण झाली. पुन्हा दिली, पुन्हा चालला. वर चढत गेलो तसा बांबू दाट झाला. ढग इतका खाली की दहा हातांपलीकडे दिसेना.

मग मला काहीतरी होऊ लागलं.

सांगायला शब्द नाहीत. आजारी माणसाला जमीन हलल्यासारखी वाटते म्हणतात, तसं असेल. मला उत्तर दोन ठिकाणी वाटू लागली. मग तीन. मी एकीकडे वळलो, देवाजी चार पावलं चालला, मला वाटलं नाही, ती इकडे आहे. मी इकडे वळलो. तो पुन्हा मोजू लागला. मला थांबून नीट विचार करायचा होता. कंपासाला थांबता येत नाही.

दुपार झाली. बांबूच्या एका खोडावर ताजी खूण दिसली.

"ही आपलीच हाय," सुकलू म्हणाला. "माह्या कुऱ्हाडीची धार ओळखतो मी."

 बाजेवर बाबुलाल दात वाजवत होता.

देवाजीने मला सपाट धरलं. मी डोलत राहिलो. त्याने मागे वळून पाहिलं. दोन खांद्यांवर दोन कुऱ्हाडी. बाज धरायची म्हणून त्या दिवशी वीस पावलांचा कायदा मोडला होता.

"कुऱ्हाडी टाका," तो म्हणाला.

"भाऊ, रानात कुऱ्हाड टाकून…"

"टाका म्हनलं ना! तुमच्या कुऱ्हाडीपायी हा बिचकून राह्यला!"

सुकलूने दूर नेऊन ठेवली. वारलू आधी जागचा हलेना. मग त्यानेही नेऊन झाडाला टेकवली. येताना तो हात कुठे ठेवावा हे न कळल्यासारखा चालत होता. देवाजीने कमरेचा पट्टा काढला, त्याला लोखंडी चाप होता. खिशातला अडकित्ता काढला, तंबाखूची डबी काढली. सगळं लांब ठेवलं. मग श्वास रोखून मला उघडलं.

मी गोल फिरलो. एकदा, दोनदा. मग एका दिशेला थांबलो आणि लगेच सुटलो.

"नवी सून नांदत नाई," सुकलू पुटपुटला. पण त्याच्या आवाजात मस्करी नव्हती.

वारलू खाली वाकला. पायाजवळचा एक दगड उचलला, मुठीएवढा, गंजासारखा लाल-काळा. तळहातावर तोलला. "हा डोंगर जड हाय भाऊ. आमचे बुढे याच दगडाचं लोखंड काढत. भट्टी लावत, भाते मारत."

"दगड दगड असते," देवाजी म्हणाला. "लोखंड बाजारात भेटते."

वारलूने तो दगड माझ्याजवळ आणला.

मी त्याच्याकडे झेप घेतली. दुसरा शब्द नाही. त्याने दगड डावीकडे नेला, मी डावीकडे गेलो. उजवीकडे नेला, मी उजवीकडे. उत्तरेकडे मी इतक्या वेगाने कधी वळलो नव्हतो. मला लाज वाटली. बरंही वाटलं. दोन्ही एकदम.

कुऱ्हाडी खांद्यावर नव्हत्याच. आम्ही कुऱ्हाडीवर चालत होतो. अख्खा डोंगर लोखंडाचा.

 देवाजीने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं.

मी खोटं बोललो का? हे मी तेव्हापासून स्वतःला विचारतोय. मला जे ओढतं तिकडे मी तोंड करतो. उत्तर फार लांब आहे, तिची ओढ बारीक आहे. हा दगड पायाखाली होता. मी जे वाटलं तेच दाखवलं. मग खोटं कुठे झालं? पण बाबुलाल दिवसभर फिरत राहिला, हेही तितकंच खरं.

वारलू म्हणाला, "पान्याच्या मांगं जाऊ. पानी खालीच जाते." एक ओहोळ धरून आम्ही उतरू लागलो. तो ओहोळ आम्हाला घेऊन आला तो जिथून निघालो होतो त्याच पाड्यावर. अजून उजेड होता. देवकाबाई पडवीत उभी होती.  बाबुलालला आकडी येऊन गेली होती. आता तो पाण्याविषयीही विचारत नव्हता.

सकाळी देवाजी गोठ्यापाशी गेला. त्याने मान खाली घातली नव्हती, पण आवाज खाली होता.

"सोड बाई त्याले."

देवकाबाईने लोढणं काढलं. बैलाच्या कानापाशी गोंडीत काहीतरी बोलली. मला ते कळलं नाही. कबऱ्याने मान झटकली, लाकडी घंटा वाजली आणि तो निघाला. बाज उचलून आम्ही मागे. देवकाबाईही दोर घेऊन निघाली.

आणि तो दक्षिणेला चालू लागला.

देवाजी थबकला. मला उघडलं. पाड्यावर तो दगड नव्हता, तिथे मी शुद्धीवर होतो. मी उत्तर बरोबर दाखवली. गाव पश्चिमेला. बैल दक्षिणेला. आज मी खरा होतो आणि बैल चुकत होता. मी जीव तोडून स्थिर राहिलो. त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा म्हणून एक कणही हललो नाही.

"हा उलटा चालला," देवाजी म्हणाला. "गाव तिकडं हाय."

देवकाबाई वळली. "तुमाले कुठी जायचं हाय भाऊ? दिशेले का गावाले?"

देवाजीने माझ्याकडे पाहिलं. मग बाजेकडे. बाबुलालचा एक हात बाजेबाहेर लोंबत होता. देवाजीने तो उचलून आत ठेवला.

मग त्याने माझं झाकण लावलं. खटका पडला. सुई दाबली गेली.

पुढचं मी पाहिलेलं नाही. फक्त ऐकलं. पुढे लाकडी घंटेचा टक् टक् आवाज. मागे बाजेची करकर, सुकलूचा दम. देवकाबाई मधूनच हाळी घालायची, "थांब रे, मानसं मांगं राह्यली." घंटा थांबायची. मग पुन्हा चालू. पाण्यातून गेलो. चिखलातून गेलो. एकदा वारलू म्हणाला, "हा डोंगर चढतच नाई. खिंडीतून घुमून चालला." मग बराच वेळ कुणी बोललं नाही. माणसं चालताना बोलायची थांबली की त्यांना वाट सापडलेली असते. हे मी बारा वर्षांत शिकलो होतो.

तो कसा जात होता? वासाने? पायाने? डोळे बांधून आणलेला बैल. त्याच्या डोक्यात सुई असेल तर तिला काय ओढत होतं? डोंगराच्या एवढ्या लोखंडाने ती फिरली कशी नाही? मी पिशवीत दाबून पडलो होतो आणि हेच विचारत होतो.

घंटा एकाएकी जोरात वाजू लागली. बैल पळत होता. पलीकडून दुसरा एक बैल हंबरला. मग एका माणसाचा हसण्याचा आवाज.

"आला का रे चौथ्यांदा! आता तुह्या मालकिनीले सांगतो, तूच येऊन राह्य इथी…" आवाज थांबला. त्याने बाज पाहिली असावी. "कोन हाय? काय झालं?"

तो इस्तारी. त्याने जास्त विचारलं नाही. गाडी होती, पण जुंपायला एकच बैल उरला होता. आता दोन होते. जोखड ठेवल्याचा आवाज मी ऐकला. फुटलेली जोडी एका गाडीला जुंपली गेली आणि बाबुलाल एटापल्लीला निघाला. दुपार टळायच्या आत दवाखाना आला.

कंपाउंडरने डोळ्यांच्या पापण्या वर करून पाहिल्या. सुई टोचली, बाटली लावली. मग देवाजीला म्हणाला, "काल आनला असता तं…" आणि हात धुवायला गेला.

बाबुलाल वाचला. महिनाभराने उठून बसला. चार घास खाऊ लागला. देवाजीला ओळखलं, "भाऊ" म्हणाला. देवाजी त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडला. मी गळ्यात होतो म्हणून मला कळलं. दुसऱ्या कुणाला कळलं नसेल.

पण एक दिवस बाबुलाल पाणी प्यायला उठला. माठ खोलीच्या कोपऱ्यात. खाट आणि माठ यांत दहा पावलं. पाणी प्याला, वळला आणि उभा राहिला. खाट कुठे आहे ते त्याला आठवेना. खाट समोर होती.

"भाऊ," तो म्हणाला, "मी कुठून आलतो?"

चंद्रपूरला मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे म्हणाले, ताप डोक्यात चढला होता, जेवढं राहिलं तेवढं आपलं. झाडं आठवत, माणसं आठवत, मासे कोणते ते सांगे. वाट तेवढी गेली. कुठलीच वाट राहिली नाही.

देवाजीने त्याला बल्लारपूरला घरी आणलं. चंदाबाई दारात उभी होती. तिने नवऱ्याला आत घेतलं, खाटेवर बसवलं आणि बाहेर आली.

"नेला तसा आनला का, भाऊ?"

देवाजी तसाच पायरी उतरून गेला. 

पुढच्या पावसाळ्याआधी त्याने लाइनचं काम सोडलं. मग एक दिवस तो आला आणि मला बाबुलालच्या उशाशी ठेवलं. बक्षीस म्हणून नव्हे. मी त्याला समोर नको होतो, हे मला कळत होतं.

"हे कायले आनलं?" चंदाबाई कडाडली. "याच्यापायीच माह्या मानसाची अशी गत झाली. तळ्यात टाका तिकडं!"

"त्याच्या हाताचं हाय ते," देवाजी म्हणाला. "बारा वर्षं त्यानंच पुसलं. टाकायचं का ठेवायचं, त्यालेच विचार."

बाबुलालने मला उचललं. झाकण उघडलं. मी डोललो आणि थांबलो. बल्लारपुरात तो डोंगर नाही. त्याने मला फिरवलं, मी पुन्हा तिथेच आलो. तो हसला. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा.

"चालू हाय," तो म्हणाला.

 दुसऱ्या दिवशी चंदाबाईने बाजारातून चिंच आणली.

आता सत्त्याऐंशी साल आहे. मी बाबुलालकडे आहे. आमची वस्ती कागदाच्या मिलजवळ. घरं सगळी सारखी. मिलचा भोंगा झाला की माणसांचा लोंढा निघतो आणि बाबुलाल कधी कधी त्याच्याबरोबर चालू लागतो. लोंढा पांगला की तो एकटा उरतो. मग तो मला बाहेर काढतो. जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवतो, "हे पाहा, चालू हाय." आणि माझी सुई जिकडे तोंड करते तिकडे चालू लागतो. त्याला वाटतं, मी घर दाखवतोय.

मी घर दाखवत नाही. मी उत्तर दाखवतो. त्याला ओरडून सांगावंसं वाटतं. उत्तरेला चंद्रपूरचा रस्ता आहे, त्यावर ट्रक आहेत, तिकडे तुझं कुणी नाही. पण मला वळता येत नाही. एकदा मी वाटेल तसा वळलो होतो, तेव्हा त्याचा एक दिवस खाल्ला. आता बरोबर राहतो, आणि बरोबर राहून त्याला घरापासून लांब नेतो. यातलं कोणतं पाप मोठं, कोण सांगेल?

एक मात्र झालं आहे. पूर्वी तो हरवला की चंदाबाई चारी बाजूंना धावायची. स्टेशनवर, नदीवर, बाजारात. संध्याकाळ व्हायची. आता ती कुणाला विचारत नाही. चुलीवरचं खाली उतरवते, पायात चपला घालते आणि सरळ चंद्रपूरच्या रस्त्याला लागते. तो तिथेच कुठेतरी असतो. सरळ चालत असतो, मला तळहातावर धरून.

"कुठी चालला?" ती विचारते.

"घरी."

"चाला मंग. मी बी तिकडंच चालली."

ती त्याला हळूच वळवते. दोघं परत निघतात. मी तळहातावर मागे वळतो, कारण उत्तर आता मागे आहे. तो मला बघून गोंधळतो. ती माझं झाकण लावते.

म्हणजे मी त्याला हरवतो की सापडवून देतो? मला समजत नाही. मी फार शिकलेलो नाही.

एवढं सांगायचं होतं. कधी त्या रस्त्याने गेलात आणि पांढऱ्या केसांचा एक माणूस पितळेची डबी हातात घेऊन नीट रेघेत चालताना दिसला, तर त्याला हसू नका. त्याच्या हातातून मला काढून घेऊ नका. दुसऱ्या रस्त्याला तर मुळीच लावू नका. त्याला बाजूच्या झाडाखाली बसवा. पाणी द्या. मागून एक बाई येत असेल. तिला उशीर झाला तरी ती येतेच.